तह नाही, म्हणून सुटका नाही : जर्मन युद्धकैद्यांची अकरा वर्षे

१/७
८ मे १९४५ रोजी युरोपातील युद्ध संपले. शेवटचे जर्मन युद्धकैदी मात्र मायदेशी परतले ते १९५६च्या आरंभी. या विलंबामागे सूडबुद्धी होती, मजुरांची गरजही होती. पण पश्चिमेकडील विजेत्यांना पळवाट मिळाली ती कायद्यातल्या एका शब्दामुळे, असे माझे मत आहे.

२/७
तो शब्द म्हणजे ‘तह’. १९२९च्या जीनिव्हा कराराच्या कलम ७५नुसार तह झाल्यावर कैद्यांना शक्य तितक्या लवकर परत पाठवायचे होते. परंतु १९४५मध्ये तह करायला जर्मन सरकारच उरले नव्हते. मग सुटकेची मुदत मोजायची कुठून?

३/७
ब्रिटनमध्ये १९४६ साली सुमारे चार लाख जर्मन कैदी होते. त्यांपैकी बहुतेक शेतांवर, रस्त्यांवर राबत. परतपाठवणी सप्टेंबर १९४६मध्ये सुरू होऊन १९४८मध्ये संपली. सुमारे २५,००० जण स्वेच्छेने तेथेच राहिले. मँचेस्टर सिटीचा पुढे गाजलेला गोलरक्षक बर्ट ट्राउटमान त्यांपैकीच एक.

४/७
ही झाली सुखद बाजू. फ्रान्स व डेन्मार्कमध्ये मात्र कैद्यांकडून भूसुरुंग काढून घेतले गेले आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. १९२९चा करार धोकादायक कामे निषिद्ध ठरवत होता, तरीही.

५/७
सोव्हिएत संघाने तो करार स्वीकारलाच नव्हता. स्टालिनग्राडला पकडलेल्या सुमारे ९१,००० सैनिकांपैकी जेमतेम पाच-सहा हजार परतले. पकडले गेले तेव्हाच अनेक जण उपासमारीने व आजाराने खंगलेले होते. सर्वांत शेवटी उरलेल्या सुमारे दहा हजारांच्या सुटकेसाठी चॅन्सेलर आडेनाउअर यांना सप्टेंबर १९५५मध्ये मॉस्को गाठावे लागले.

६/७
‘करावे तसे भरावे’, असे कोणी म्हणेल. जर्मनांच्या ताब्यातील सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मृत्युमुखी पडले, हे विसरता येत नाही आणि या दोन गोष्टी एका तराजूत तोलताही येत नाहीत. पण अपराध्यांसाठी खटले असतात. सक्तीने भरती झालेल्या पोराला सुरुंगांच्या शेतात उतरवणे हा न्याय नव्हे. युद्धकैद्यांचा कायदा हे सद्वर्तनाचे बक्षीस नाही. तो शत्रूसाठीच लिहिलेला असतो.

७/७
१९४९च्या करारात ही पळवाट बुजवली गेली. कलम ११८नुसार आता तहाची वाट पाहायची नाही. प्रत्यक्ष लढाई थांबताच विनाविलंब सुटका. कलम ५२नुसार स्वेच्छेवाचून सुरुंग काढायला लावायचे नाही. म्हणून कोणत्याही युद्धाचा अभ्यास करताना समाप्तीच्या दिनांकाशेजारी आणखी एक दिनांक लिहून ठेवा : शेवटचा कैदी घरी पोहोचला तो.