तापाची पारख लवकर व्हावी

पाऊस सरला की ग्वाल्हेरात कूलरच्या साचल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात. ताप येताच अंदाजाने गोळी घेणे आम्हांला पसंत नाही. डेंग्यूत ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी रक्त तपासावे. मात्र रोगाचा अंश फार थोडा असला, तर साधी पट्टी चुकते.

शरीरात लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन म्हणजे 24 तुकड्यांचा पोकळ गोळा. मिलिमीटरचा सुमारे 80 हजारावा भाग! शास्त्रज्ञ त्यावर रोगाचा अंश पकडणारे रेणू दाटीने बसवतात, म्हणून अल्प अंशही सापडू शकतो. हे काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. संरक्षण खात्याची अशी निदानसाधने शोधणारी प्रयोगशाळा 1973 पासून आपल्याच शहरात आहे. नवी पट्टी निघाली, तर ती प्रथम खेड्यातील आरोग्य केंद्रात, आणि फुकट मिळावी. शहरात दवाखाने पुष्कळ. मजुराचा मात्र तपासणीपायी दिवसाचा रोज बुडतो.