मोठ्यांचे खेळणे

मनुष्य वयाने वाढला म्हणजे त्याच्या हातातील खेळणे आपोआप गळून पडले पाहिजे, असा समज समाजात फार जुना आहे. मोठ्या माणसाने पत्ते कुटले तर त्यास विरंगुळा म्हणतात. बुद्धिबळाच्या पटावर रात्र जागवली तर त्याच्या बुद्धीचे कौतुक होते. परंतु त्याच माणसाने रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून एखादा यंत्रमानव उभा केला, तर घरची माणसे परस्परांकडे पाहून हसतात. हा भेद कशावर आधारलेला आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे तालुक्याचे गाव घ्या. भोवती काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि ऊस यांची शेते, पावसाकडे लागलेले डोळे. अशा गावातील चाळिशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाच्या नावे टपालाने एक मोठे खोके यावे, शेजाऱ्याने "मुलासाठी मागवले वाटते?" असे सहज विचारावे, आणि त्या गृहस्थाने खाली पाहत "होय" म्हणावे! खोके त्याने स्वतःसाठीच मागवलेले असते. त्या एका खोट्या 'होय'मध्ये या प्रश्नाचे सारे मर्म साठवलेले आहे. माणसाला जुगाराची लाज वाटावी, व्यसनाची वाटावी. ठोकळ्यांची का वाटावी?

त्या खोक्यात असते तरी काय? शेकडो सुटे भाग आणि शब्द नसलेली, केवळ चित्रांची एक पुस्तिका. प्रथम धड उभे राहते. मग पाय येतात. गुडघ्याला बिजागरीचा सांधा, खांद्याला उखळीचा सांधा. शाळेच्या शरीरशास्त्रात घोकलेली ही नावे येथे बोटांना कळतात. बाराव्या चित्राच्या वेळी एक ठोकळा एक घर पुढे बसला, तर ती चूक चाळिसाव्या चित्रापाशी येऊन उघडी पडते आणि तेवढे सारे उकलून पुन्हा जोडावे लागते. छातीवर भार अधिक झाला की यंत्रमानव पुढे तोंडावर पडतो. तो तोलावर उभा करण्यासाठी पाऊल थोडे पुढे घ्यावे की पाठीवर वजन वाढवावे, हा विचार करण्यात रात्रीचे दहा कधी वाजले हे कळत नाही. चुकीबद्दल कोणी रागावत नाही, घाई कोणी करीत नाही, आणि चूक दुरुस्त करण्याची वाट नेहमी मोकळी असते. दिवसभर कचेरीत किंवा बाजारात वावरणाऱ्या माणसाला असे काम दुसरीकडे क्वचितच मिळते.

या खेळण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ठोकळे ज्याच्या कारखान्यातून निघाले, तो मूळचा सुतार होता. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसेन हा लाकूडकाम करी. मंदीच्या काळात घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. 'चांगले खेळा' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून त्याने आपल्या मालाला 'लेगो' हे नाव दिले. १९४९ साली प्लॅस्टिकचे ठोकळे निघाले. पण ते नीट घट्ट बसत नसत. आतून पोकळ नळ्या असलेल्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितले गेले, आणि तेव्हापासून वरच्या गाठी व आतल्या नळ्या एकमेकींना अशा धरतात की त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ गाठींचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. पूर्वी हा आकडा १०,२९,८१,५०० असा सांगितला जाई. त्यात केवळ एकावर एक रचलेले सहा मजली मनोरे मोजले होते. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी ही उणीव दाखवली. खेळण्यातील हिशेब तपासायला एक विद्वान बसला, आणि त्यास कोणी पोरकट म्हटले नाही!

सुताराच्या या कारागिरीचे सोनपेठच्या परिसराला नवल वाटण्याचे कारण नाही. लाकडी तिफण आठवावी. दिंडाला भोके पाडून तीन फण बसवावयाचे, फणांत वेळूचे नळे, नळ्यांच्या वरच्या तोंडांवर चाडे, आणि सैल वाटेल तेथे पाचर. आता बहुतेक ठिकाणी पेरणी ट्रॅक्टरमागच्या यंत्राने होते; पण मृगाच्या तोंडावर अंगणात तिफण जोडीत बसलेला म्हातारा शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याच्या मुद्रेवरचे समाधानही पाहिलेले असते. सांधा अचूक बसल्यावर होणारा तो बारीकसा आवाज त्याला पोटाच्या चिंतेतही सुखावून जाई. पोळ्याला मातीचे बैल घडविणाऱ्या हातांतही मोठ्यांचे हात असतातच. काम आणि खेळ यांच्यामधील भिंत एवढी जाड कधीच नव्हती.

यंत्रमानवालाच एवढे प्रेम का, असेही कोणी विचारील. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगभर गेला. तो त्याला त्याच्या भावाने, योसेफने, सुचवला होता. त्याचे मूळ असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजे मराठीत वेठ. निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याला वेठ म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. ज्याच्या नावातच वेठ आहे, असा हा प्राणी छंद करणाऱ्याच्या मेजावर मात्र काहीच काम करीत नाही. तो केवळ उभा राहतो, हात वर करतो, आणि त्याच्यासाठी श्रम करतो तो माणूस, तेही स्वखुशीने. ही अदलाबदल मोठी गमतीची आहे.

आता आक्षेपांकडे वळावे. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खराच आहे. परदेशी खोक्यांची किंमत ऐकून पुष्कळांच्या घरचा महिन्याचा किराणा डोळ्यांपुढे येतो. घरखर्चाला कात्री लावून केलेल्या छंदाचे समर्थन कोणी करू नये. परंतु जोडण्याचा आनंद खोक्यातच बंद आहे असेही नाही. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले अभियंते. १९७८ साली पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यातून रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांपासून सांधे बनविले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच मुरडतो. पुलांच्या व छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, ते एवढ्यात समजते. पुढे पुण्यातील आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे अशी खेळणी केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा यंत्रमानव सोनपेठच्या कोणत्याही घरी उभा राहू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुष्कळ संग्राहक खोके फोडीतच नाहीत. पुढे भाव वाढेल म्हणून ते कपाटात रचून ठेवतात, आणि घरातील मूल जवळ आले की "हात लावू नकोस" असे ओरडतात. असा माणूस छंदी नव्हे. त्याला फार तर साठेबाज म्हणावे. कोणी पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण पुढे करील. चष्म्यांचा धंदा सांभाळून त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, बाहुल्या अशा हजारो वस्तू जमविल्या, बालपणीच वारलेल्या आपल्या राजाचे नाव त्या संग्रहालयास दिले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंना काचेआड ठेवणे योग्यच आहे, कारण जुना दिवा ओतणारा कारागीर आता पुन्हा येणार नाही. शिवाय त्या काचेसमोर कोणालाही उभे राहता येते. ठोकळ्यांच्या यंत्रमानवाचे तसे नाही. त्याचा कारागीर घरातच आहे. तो मोडला तर संध्याकाळी पुन्हा होतो. किंबहुना मोडण्यासाठीच त्याचे भाग सुटे ठेवलेले आहेत.

अलीकडे खेळण्यांच्या त्या कारखान्यालाही हे उमगले आहे. २०२० पासून त्याच्या काही खोक्यांवर अठरा वर्षे व त्यावरील वय स्पष्ट छापलेले असते. तेव्हा शेजाऱ्याने विचारल्यास त्या गृहस्थाने खोक्यावरचा आकडा दाखवावा, आणि शेजाऱ्यालाच आत बोलावून एक पाय जोडावयास द्यावा.

पुष्कळदा मोडून जोडल्यावर उखळीचा सांधा सैल होतो. वर उचललेला हात रात्रभरात हळूहळू खाली येतो, आणि सकाळी पाहावे तो यंत्रमानव खांदे पाडून उभा असतो. अशा वेळी जाणते छंदी सांध्याच्या गोळीवर नखांच्या बिनरंगी पॉलिशचा एक पातळ थर देतात, तो वाळू देतात आणि मग गोळी पुन्हा उखळीत दाबून बसवितात. सैल झालेल्या रुमण्याला शेतकरी पाचर ठोकतो, त्यातलाच हा प्रकार.