‘शेतकरी’ म्हणजे कोण? वावरातलं उत्तर वेगळं, संगणकातलं वेगळं

अकोला जिल्ह्यात कुणी दुसऱ्याचं वावर ठोक्याने केलं, सोयाबीन पेरलं, फवारलं, काढलं, तर गाव त्याला शेतकरीच म्हणतं. केंद्राचं २००७ चं राष्ट्रीय शेतकरी धोरणही तेच म्हणतं. त्यात बटईदारच काय, शेतमजूरही ‘शेतकरी’ आहेत. पण राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी बंधनकारक झालेला ‘फार्मर आयडी’ काढायचा तर सातबाऱ्यावर नाव लागतं.

हा गोंधळ सॉफ्टवेअरचा वाटतो. तसा तो नाही.

कुठल्याही व्यवस्थेत दोन आराखडे असतात. पहिला संकल्पनांचा: आपण कोणते शब्द वापरतो, त्यांचा अर्थ काय, त्यांचं एकमेकांशी नातं काय. दुसरा डेटाचा: त्यातलं काय साठवायचं, कोणत्या रकान्यात, कोणत्या क्रमांकाने ओळखायचं. पहिला न ठरवता दुसरा केला की रकानाच व्याख्या होऊन बसतो.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतची माफी ‘कुटुंबाला’ होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुलं. संकल्पना स्पष्ट होती. पण बँकेच्या वहीत कुटुंब नसतंच. तिथे असतो खातेदार, त्याचं कर्ज आणि थकबाकी. मग कुटुंब जुळवायला ऑनलाइन अर्ज आले, आधार क्रमांक आले, आणि दिवाळीत निघालेल्या याद्यांमध्ये चुकाही आल्या.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत अर्जच नव्हता. आधार जोडलेलं कर्जखातं पुरेसं होतं, कारण निकष कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी केला होता. काम सोपं झालं हे खरं. पण नवरा-बायकोच्या नावे वेगवेगळी कर्जं असतील तर दोघांचा वेगळा विचार, हा निर्णय धोरणाचा आहे. तो संगणकाच्या सोयीचा म्हणून खपवणं बरोबर नाही.

मग फार्मर आयडीत ‘ठोक्याने करणारा’ असा एक रकाना वाढवला तर? रकाना पाच मिनिटांत वाढेल. भरायचा कशाच्या आधारावर? वऱ्हाडात हे व्यवहार बहुतेक तोंडी होतात, आणि पुढे कुळाचा हक्क लागेल या धास्तीने मालक कागद करून देत नाही.