'मस्त आहे, अवश्य पहा' या चार शब्दांची किंमत



१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' लागला. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं सकाळच्या खेळाला गेलो. घरी येऊन चहा उकळायच्या आत मी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून मोकळा झालो, 'मस्त आहे, अवश्य पहा. मुलांना आवर्जून दाखवा, आपला इतिहास आहे.' खाली हात जोडलेले, भगवे झेंडे, 'जय शंभूराजे'. संध्याकाळपर्यंत तशा चाळीसेक ओळी जमल्या होत्या आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्याच एका सूनबाईंचा फोन आला. माझ्या मुलीच्या वयाची आहे. म्हणाली, "काका, तुमचा मेसेज वाचून आम्ही शनिवारी गेलो. लेक आठ वर्षांचा आहे. तीन रात्री दिवा लावून झोपतोय. तुम्ही पाहून आला होतात ना? मग शेवटी काय आहे, एवढं तरी लिहायचं होतंत." आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

शेवटी काय आहे ते मला ठाऊक होतं. संगमेश्वरला पकडल्यानंतरचे हाल पडद्यावर चांगले लांबवून दाखवले आहेत. ते चालू असताना मी स्वतः मान खाली घालून बसलो होतो आणि हिने पदर डोळ्यांवर घेतला होता. चित्रपटाला प्रमाणपत्रही 'यूए १६+' असं होतं. म्हणजे सोळाच्या आतल्या मुलांना न्यायचं की नाही, हे आई-वडिलांनी विचार करून ठरवावं. पण ती अक्षरं वाचतो कोण? तिकीट मोबाइलवर काढताना आपण खुर्ची कोपऱ्यातली नाही ना एवढंच बघतो. आई-वडिलांनी विचार करायचा तर कुणाच्या तरी सांगण्यावर करायचा, आणि सांगणाऱ्यानं 'मुलांना आवर्जून दाखवा' असं सांगितलं होतं.

मी ते का लिहिलं नाही, यावर नंतर बराच विचार केला. विसरलो नव्हतो. संभाजीराजांवरच्या चित्रपटाबद्दल 'पण' हा शब्द लिहायचा म्हणजे राजांबद्दलच काही उणं बोलल्यासारखं होईल, असं आत कुठेतरी वाटलं. चाळीस जणांतल्या निम्म्यांना तरी तसंच वाटलं असणार. चित्रपटाबद्दल आम्ही कुणी बोलतच नव्हतो. आम्ही हजेरी लावत होतो.

त्या चित्रपटाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. प्रदर्शनाआधीच संभाजीराजांच्या लेझीमवरून वाद झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढून टाकला. प्रदर्शनानंतर गणोजी आणि कान्होजींच्या चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. ए. आर. रेहमान यांचं संगीत त्या काळाला शोभतं का, यावर आमच्या घरात जेवताना दोन तट पडले होते. शिवाजी सावंतांची कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना येसूबाई अजून हवी होती. यातलं एक अक्षर ग्रुपवर आलं नाही. घरातलं मत वेगळं, चारचौघांतलं वेगळं. पूर्वी राजकारणाच्या बाबतीत असं होई, आता सिनेमाच्या बाबतीतही होतं.

१९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, आपल्या मुख्यमंत्र्यांनी मध्य प्रदेशात 'छावा' करमुक्त जाहीर केला. लगेच ग्रुपवर 'आता तर जायलाच हवं' सुरू झालं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. तिकीट २०० रुपयांचं धरा. त्यात मूळ किंमत सुमारे १६९ रुपये ५० पैसे आणि कर ३० रुपये ५० पैसे. त्यातला निम्मा केंद्राचा, तो राज्य सरकार सोडू शकत नाही. राहिला राज्याचा वाटा, म्हणजे सव्वापंधरा रुपये. तेवढ्यात मध्यंतरातला समोसाही येत नाही. तरी 'करमुक्त' या शब्दाचा परिणाम होतो. सरकारनंही एक प्रकारे 'अवश्य पहा' लिहिलं, असं लोक समजतात. महाराष्ट्रानं करमणूक कर २०१७ मध्येच काढून टाकला होता.

पाहणाऱ्यानं काय पाहिलं आणि ऐकणाऱ्यानं काय घेतलं, याचा नमुना आपल्या अगदी जवळ घडला. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, १६८१ मध्ये, मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं आणि 'छावा'ची सुरुवातही तिथूनच होते. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्री बॅटऱ्या आणि धातुशोधक यंत्रं घेऊन माणसं सोन्याची नाणी खणू लागली. पोलिसांना जावं लागलं. हसू येतं खरं, पण मला फार हसता आलं नाही. त्यांनाही कुणीतरी 'सगळं खरं दाखवलंय' असंच सांगितलं असणार.

आता दुसरी बाजू. ती आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना जास्त लागू आहे.

इंदूरला मराठी चित्रपट लागतो तेव्हा तो कसा लागतो ते आपण जाणतो. एक पडदा, एक खेळ, आणि वेळ अशी की नोकरदाराला जमू नये. पोस्टर नाही, वर्तमानपत्रात जाहिरात नाही. शुक्रवारी लागलेल्याचा निकाल रविवारच्या गर्दीवर ठरतो. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या शुक्रवारी तो पडदा दुसऱ्या कुणाला जातो. हे महाराष्ट्रातही होतं. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' आणि 'ये रे ये रे पैसा ३' एकाच दिवशी लागले आणि मराठीचे खेळ कमी केले म्हणून मुंबईत राजकीय पक्ष मध्ये पडला. आपल्याकडे असं भांडायला कुणी नाही, आणि नाही तेच बरं. आपल्याकडे फक्त आपण दोनचारशे कुटुंबं आणि शुक्रवार रात्रीचं आपलं बोलणं.

म्हणून मला केरळची एक बातमी वाचून काळजी वाटली होती. तिथल्या उच्च न्यायालयात २०२३ मध्ये एका दिग्दर्शकानं तक्रार नेली की पैसे घेऊन किंवा पैसे मिळाले नाहीत म्हणून लोक पहिल्याच दिवशी चित्रपट बदनाम करतात. न्यायालयानं नेमलेल्या न्यायमित्रानं मार्च २०२४ मध्ये सुचवलं, प्रदर्शनानंतर ४८ तास व्लॉगर मंडळींनी परीक्षण करू नये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिले तीन दिवस अशा परीक्षणांना बंदी मागितली. न्यायालयानं तशी बंदी घातली नाही. निर्मात्यांचं दुखणं खोटं नाही. कोट्यवधी रुपये घातलेला माल एखाद्या पोरानं थिएटरच्या पायऱ्यांवर उभं राहून दोन मिनिटांत मातीमोल करावा, हे सोसवत नाही. पण शुक्रवार दुपारपासून ४८ तास मोजा. रविवार दुपार येते. इंदुरात मराठी चित्रपटाचं आयुष्य तोवर जवळजवळ ठरून गेलेलं असतं. मोठ्या तमिळ चित्रपटाला ज्या गप्प बसण्यानं फायदा होईल, त्यानंच आपला लहान चित्रपट मरेल. लाखोंचे प्रेक्षक असलेले व्लॉगर आणि आपल्या गल्लीतल्या काकू यांना एकाच तराजूत घालून चालत नाही. काकूंना कुणी पैसे देत नाही आणि त्या ज्यांना सांगतात त्या प्रत्येकाला सोमवारी भाजीवाल्याकडे भेटणार असतात.

हा मुद्दा मी मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवला, आणि त्यालाच जोडून म्हटलं की आपण ग्रुपवर खरं मत लिहायला हवं, उणं असेल तर उणंही. आमचे एक ज्येष्ठ सभासद, वयानं आणि कामानं माझ्याहून मोठे, चिडलेच. "आधीच एक खेळ लागतो. त्यात तुम्ही खोट काढलीत तर तोही जाईल. मग नातवंडांना मराठी ऐकवणार कुठे? वाईट असला तरी आपला आहे, चांगलंच म्हणायचं!" दोनतीन जणांनी माना डोलावल्या. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. तिसऱ्या पिढीचं मराठी 'मी जाऊन राहिलोय'वर आलंय. थिएटरच्या अंधारात दोन तास शुद्ध मराठी कानावर पडणं ही साधी गोष्ट नाही.

पण मला बँकेतली जुनी पद्धत आठवली. आधार-पॅन नव्हतं तेव्हा बचत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. फॉर्मवर त्याची सही, म्हणजे 'या माणसाला मी ओळखतो'. आमच्या एका शाखेत एक व्यापारी होते, भले गृहस्थ. कुणालाही नाही म्हणवत नसे. जो येईल त्याच्या फॉर्मवर सही. पुढे दोन खाती घोटाळ्याची निघाली. व्यापाऱ्यांवर काही कारवाई झाली नाही, ते निर्दोषच होते. पण त्यानंतर त्यांची सही असलेला फॉर्म आला की काउंटरवरचा क्लार्क तो माझ्याकडे सरकवी, 'साहेब, जरा बघून घ्या.' चांगल्या माणसाला घेऊन आले तरी तेच. प्रत्येक मराठी चित्रपटाला 'अवश्य पहा' लिहिणाऱ्या आपल्या ग्रुपचं नेमकं हेच झालं आहे. चार जणांचं कुटुंब तिकीट, खाणं, पार्किंग धरून हजार-बाराशे रुपये खर्चून येतं आणि हात चोळत परततं. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी खरंच चांगला चित्रपट येतो आणि ती मंडळी घरी बसतात.

चांगलं सांगणं म्हणजे काय, हे मला वाटतं बायकांना जास्त कळतं. ३० जून २०२३ ला केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. कमाई ७५ कोटींच्या पुढे गेली ती बायका घोळक्यानं गेल्या म्हणून. हिच्या मैत्रिणी फोनवर काय बोलत होत्या ते मी ऐकलंय. 'मस्त आहे' कुणीच म्हणत नव्हतं. 'सासूबाईंना घेऊन जा.' 'बहिणीशी अबोला असेल तर तिच्याबरोबरच जा.' 'नवऱ्याला नेऊ नको, मध्येच घड्याळ बघेल.' (हे शेवटचं कुणाबद्दल होतं ते मी विचारलं नाही.) यात कुठे तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. कुणी जावं, कुणाबरोबर जावं, हे मात्र स्वच्छ आहे.

तसं लिहायचा मी प्रयत्न करून पाहिला. मे २०२५ मध्ये मुलाकडे पुण्याला होतो तेव्हा 'आता थांबायचं नाय' पाहिला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, त्याची गोष्ट, खऱ्या घटनेवरून घेतलेली. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीचा धुडगूस बाजूला ठेवून काम करतात. मी लिहिलं : 'आमच्या शाखेतले दोन शिपाई असेच पन्नाशीला पुस्तकं घेऊन बसले होते, त्यामुळे मला तटस्थ राहून सांगता येणार नाही. उत्तरार्ध थोडा लांबतो. दोनतीन ठिकाणी पार्श्वसंगीत रडायला लावतंच, जरा कमी चाललं असतं. दहावीला नापास झालेलं किंवा शाळा सुटलेलं कुणी घरात असेल तर त्याच्याबरोबर पाहा. लहान मुलांना चालेल.' पूर्वीच्या चाळीस ओळींच्या जागी या वेळी खाली फक्त सहा उत्तरं आली. पण त्यांतल्या एकानं विचारलं, 'उत्तरार्ध किती लांबतो? वडिलांना जास्त वेळ बसवत नाही.' असा प्रश्न मला पूर्वी कधी कुणी विचारला नव्हता.

त्या ज्येष्ठ सभासदांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरात भेटलो की ते मुद्दाम मोठ्यानं विचारतात, "काय, आज काय उणं काढणार?" आणि मी सांगतो. मग तेही हळूच सांगतात, त्यांना काय पटलं नाही ते. ग्रुपवर मात्र अजून झेंडेच टाकतात.

सूनबाईंचा मुलगा आता नीट झोपतो. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो होतो, त्यानं मला त्याचे पत्ते दाखवले आणि दोन डाव हरवलंही. परवा तिचा मेसेज आला, 'काका, या शुक्रवारी लागलाय तो मुलांना चालेल का?' मी पाहिला नव्हता. तसं कळवलं आणि शनिवारच्या दुपारची दोन तिकिटं काढली.