विश्लेषण : राऊटरची ताकद कोणाच्या हाती?

घराच्या कोपऱ्यात वाय-फाय पोहोचत नाही म्हणून काही जण राऊटरच्या सेटिंगमध्ये देशच बदलतात. त्या देशातील मर्यादा जास्त असेल, तर फर्मवेअर जादा शक्तीने प्रसारण करू देते. हा उपाय बेकायदा ठरू शकतो आणि फसवाही आहे.

फायदा का होत नाही?
२० डीबीएमवरून ३० डीबीएमवर गेल्यास शक्ती १०० मिलिवॉटवरून १ वॉट, म्हणजे दहापट होते. मोबाइल मात्र पूर्वीच्याच क्षीण शक्तीने उत्तर देतो. राऊटरचा आवाज वाढतो, कान तेवढेच राहतात. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, तरी व्हिडिओ अडकतो. शेजाऱ्याच्या वाय-फायला त्रास होतो तो वेगळाच.

अमेरिकेत काय घडले?
विमानतळांजवळील हवामान रडारना ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांचा अडथळा होऊ लागल्यावर ‘एफसीसी’ने फर्मवेअरचे नियम कडक केले. पुढे देश बदलून मर्यादा ओलांडू देणाऱ्या राऊटरबद्दल ‘टीपी-लिंक’ने २०१६ मध्ये २ लाख डॉलर भरले. मात्र त्याच तडजोडीत बाहेरच्या, मुक्त फर्मवेअरला वाव देण्याचेही कंपनीने मान्य केले.

योग्य मार्ग कोणता?
हाच. शक्तीची मर्यादा रेडिओ चिपपुरती कुलूपबंद असावी. बाकीचे सॉफ्टवेअर खुले राहावे. कंपनीने अपडेट थांबवल्यावर जुन्या राऊटरची सुरक्षा मुक्त फर्मवेअरच सांभाळू शकते. लहरी सर्वांच्या असल्या, तरी विकत घेतलेले यंत्र ग्राहकाचेच आहे. कोपऱ्यातल्या सिग्नलसाठी राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवणे पुष्कळदा पुरेसे ठरते.