पाटी बदलली, आत काय?

2004 पर्यंत सोलापुरात शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. गिरणी कामगारांच्या या शहराला 42 वर्षे पदवी मिळाली ती कोल्हापूरच्या शिक्क्याने. 1 ऑगस्ट 2004 ला केंद्राचे विद्यापीठ झाले, 2019 मध्ये अहिल्यादेवींचे नाव लागले. नावाची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये. मराठवाड्यात आम्ही ती 1994 पर्यंत रक्ताने मोजली आहे. पण पाटीच्या आत काय?

मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे बाबासाहेबांनी बजावले होते, पदवीचे आणि पदव्युत्तर शिक्षण एकमेकांपासून तोडू नका. अध्यापनापासून तुटलेले संशोधन खंगते. म्हणजे केगावात विभाग उभारून भागत नाही. करमाळ्याच्या, अक्कलकोटच्या कॉलेजात बी.ए.च्या पोरीलाही संशोधन करणारा प्राध्यापक भेटला पाहिजे. तासिका तत्त्वावर राबवलेला माणूस काय संशोधन करणार?

आणि पैसा? यूजीसीची नेट नसलेल्यांसाठीची 8000 रुपयांची फेलोशिप केंद्रीय विद्यापीठांपुरती. राज्य विद्यापीठातल्या आमच्या पोराने आईच्या विड्यांच्या मजुरीवर पीएचडी करायची काय?

मित्रांनो, पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवा. अधिसभेची मते मागायला जो दारात येईल, त्याला आधी हे विचारा.

जय भीम!