काटा वर आहे, पण तेल कुठे आहे?

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. "वळणावर ऑइल प्रेशर पडतंय? जाड तेल टाक, काटा वर येईल." मंडळी, मला या सल्ल्याचा मनापासून राग आहे. काटा वर येतो, हे खरंय. पण इंजिन वाचतं का?

१९६१ ची जग्वार ई-टाइप घ्या. सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं एक्सके इंजिन. तेल खालच्या संपमध्ये साठतं, पंप ते नळीनं ओढून बेअरिंगना देतो. आता हीच गाडी आजचे चिकट टायर घालून ट्रॅकवर न्या. लांब वळणावर १ जी इतका आडवा जोर आला, तर तेलाची पातळी चक्क ४५ अंशांनी कलते. तेल एका बाजूला, नळीचं तोंड उघडं, आणि पंप हवा ओढतोय! मिनिटाला ५,००० फेऱ्या असतील तर दोन सेकंदांत क्रँकशाफ्ट १६० हून जास्त वेळा फिरतो. तेलाचा पातळ थर फाटला की धातूवर धातू घासला जातो. खेळ खलास.

इथे जाड तेल काय दिवे लावणार? प्रेशर म्हणजे शेवटी प्रवाहाला होणारा अडथळा. जाड तेल जास्त अडतं, म्हणून काटा चढतो. वर ते सिलिंडर हेडमधून खाली यायला जास्त वेळ लावतं. मोठा पंप बसवणं हाही तसलाच प्रकार. तो संप आणखी लवकर रिकामा करतो. आडातच नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार?

आमच्या धंद्यात याला सरासरीवर खूष होणं म्हणतात. सर्व्हर महिनाभर झकास चालला, फक्त पगाराच्या दिवशी बसला. रिपोर्ट मात्र हिरवागार!

खरा इलाज जग्वारला आधीच ठाऊक होता. १९५४ च्या डी-टाइपमध्ये एक्सके इंजिनच होतं, पण ड्राय संपवालं. म्हणजे संपमधलं तेल ओढून वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि तिथून इंजिनला द्यायचं. त्या गाडीनं १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्स जिंकली.

एवढा खर्च नको? मग संपमध्ये एका बाजूनंच उघडणाऱ्या झडपांचे आडपडदे बसवा. दाबाखाली तेल साठवून प्रेशर पडताच ते सोडणारा अ‍ॅक्युम्युलेटर लावा. २० पीएसआयला पेटणारा ठळक दिवा लावा, कारण वळणावर काट्याकडे बघायला कुणाला फुरसत असते?

"पण गाडीचं मूळ रूप बिघडेल!" अहो, संपच्या आतले पडदे बाहेरून दिसतात तरी का? ब्लॉक फोडून बाहेर आलेला कनेक्टिंग रॉड मात्र लांबूनही दिसतो.

आणि गरम इंजिनचं प्रेशर सरळ रस्त्यावरही पडत असेल, तर बेअरिंगची झीज तपासा. तिथेही जाड तेल म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटरच बदलणं.

असो. काट्याची पूजा थांबवा, तेलाची सोय करा.